आधी नाव सांगा

मंगळवार, ८ नोव्हेंबर १९९४. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

या वेळेला माझा टेलिफोन बंद झाला. झाला नाही, कुणीतरी केला. उभा जन्म ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढल्यावर बिघडलेली लाइन आणि तोडलेली लाइन यांतला फरक मला कानाने कळतो. बिघडलेल्या लाइनीत खरखर असते, लांब कुठेतरी दुसऱ्याच माणसांचे बोलणे चाललेले असते. हिच्यात काहीही नाही. भिंतीला कान लावावा तसे.

बिल भरलेले आहे. वायर उंदराने खाल्लेली नाही, मी स्वतः स्टुलावर चढून पाहिली. तक्रार नोंदवायला वरच्या मजल्यावर भाऊंकडे गेले. भाऊ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. फोन करू दिला, पण मी बोलत असताना शेजारी उभे राहून रुमालाची घडी घालत होते. निर्दोष माणूस रुमालाची घडी घालत नाही.

भाऊंना माझ्या निरोप केंद्राचा राग आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी मला नोटीस दिली होती, की तळमजल्याच्या खिडकीसमोर संध्याकाळी 'बाहेरची माणसे' जमतात. मी उत्तर दिले, की ती बाहेरची आहेत म्हणून तर बाहेर जमतात. घर असते तर घरात जमली असती.

केंद्र कसे सुरू झाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी चौकशी केली तर कामाला येईल. खोपटच्या एस.टी. डेपोच्या भिंतीला लागून जी माणसे राहतात, त्यांतले बरेच वागळे इस्टेटमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. मुकादमाला माणसे हवी असली की तो टेम्पो पाठवतो. टेम्पो ज्याला दिसला त्याला काम. गावी कुणी आजारी पडले, तर पत्र कुठे टाकायचे? 'डेपोची भिंत, उजवीकडून तिसरी पाल' असा पत्ता पोस्टमन घेत नाही. माझ्याकडे फोन होता. मुलाने, मधूने, सिंगापूरहून आणलेले आन्सरिंग मशीन होते. आपण घरी नसताना फोन आला तर ते बोलणे कॅसेटवर घेऊन ठेवते. मी घरी नाही अशी वेळ फारशी येत नाही, त्यामुळे ते धूळ खात होते.

आता त्या माणसांनी माझा नंबर स्वतःचा म्हणून द्यायचा. संध्याकाळी सहाला मी मशीन खिडकीत ठेवते आणि बटण दाबते. गजांपलीकडे उभे राहून ज्याने त्याने आपला निरोप ऐकायचा. खर्च वागळे इस्टेटमधले तीन कारखाने देतात, कारण त्यांना माणसे वेळेवर मिळतात. यात दानधर्म नाही. दानधर्म केला की माणसे पाया पडतात, आणि मला पायांना हात लावलेला खपत नाही.

मशीनवर माझ्याच आवाजात सूचना आहे: 'हे निरोप केंद्र आहे. ज्यांच्यासाठी निरोप आहे त्यांचे नाव आधी सांगा. मग स्वतःचे नाव सांगा. आवाज झाल्यावर बोला.' कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा आम्हाला तोंडात बोर धरून बोलायला लावत. त्यामुळे माझा एकेक शब्द सुटा ऐकू येतो.

एवढे स्पष्ट सांगूनही लोक नाव सांगत नाहीत. काल एका बाईचा निरोप आला. तो जसाच्या तसा लिहिते:

'अहो, मी बोलत्येय. ऐकताय ना? दिवाळीला वाट बघितली. भावोजी घर मागतायत. म्हणतात, ठाण्याला दादाची खोली आहे, फोन आहे, मग इथं कुलूप कशाला. गुरुवारी मी बाजाराला येईन तेव्हा अकरा वाजता फोन करीन. येऊ नको म्हणालात तर नाही येत. काही बोलला नाहीत तर चावी त्यांच्या हातात देऊन शनिवारच्या गाडीनं पोरांना घेऊन येत्येय. आणि ती बाई कोण हो, आधी बोलते ती? दोनदा विचारलं, उत्तर देत नाही.'

शेवटी म्हटलेली बाई कोण ते कळले नाही. बूथवाली असावी.

काल हे खिडकीत वाजवले तेव्हा लग्न झालेला प्रत्येक पुरुष स्वतःच्या चपलांकडे बघत होता. कुणी पुढे आला नाही. ज्याचा कुणाचा हा निरोप आहे, त्याने गुरुवारी अकराला माझ्या फोनवर 'येऊ नको' म्हटले नाही, तर त्याचे गावचे घर गेले. आणि ठाण्यात त्याचे जे काही आहे ते डेपोच्या भिंतीला टेकलेले आहे.

आणि फोन बंद.


बुधवार, ९ नोव्हेंबर

टेलिफोन ऑफिसात गेले. मी रिटायर झाल्यापासून तिथल्या खुर्च्या बदलल्या आहेत, बसणाऱ्यांची तऱ्हा तीच आहे. काउंटरवरच्या मुलाने विचारले, फोन कुणाच्या नावावर? मी बिल पुढे सरकवले. तो म्हणाला, आजी, तोंडी सांगा, मी लिहितो. मी म्हटले, छापलेले आहे, तुला वाचता येत असेलच. त्याने वाचले. एकतीस वर्षे खात्यात मी, आणि फोन यांच्या नावावर. त्या काळी तशीच पद्धत होती.

बिघाड नाही म्हणाला. बंद करण्याचा अर्ज आलेला आहे. कुणाचा? ते साहेबांकडे, साहेब शुक्रवारी येतील. मी म्हटले, अर्ज खोटा आहे. तो म्हणाला, ते पण साहेब बघतील.

म्हणजे भाऊच. सोसायटीचा शिक्का त्यांच्याकडे असतो. यांच्या नावाने सही ठोकायला किती वेळ लागतो? येताना जिन्यात भाऊ भेटले. म्हणाले, काकू, झाला का फोन सुरू? मी म्हटले, भाऊ, देव बघतो आहे. ते म्हणाले, हो ना. पक्का माणूस.

संध्याकाळी तो निरोप पुन्हा लावला. निरोप नवे येत नाहीत, पण मशीनला वीज आहे तोवर जुने वाजतात. भिंतीकडचा दगडू म्हणाला, आवाज माझ्या बायकोसारखा आहे. त्यावर मंजुळा म्हणाली, तुझी बायको वारली ना रे? तो म्हणाला, म्हणून तर परत लावायला सांगितलं.

मंजुळा एस.टी.च्या खिडक्यांतून चणे-शेंगदाणे विकते आणि मी नसले तर केंद्र सांभाळते. सप्टेंबरात मला मलेरिया झाला तेव्हा आठवडाभर तिनेच बटणे दाबली. तिला म्हटले, काय अडाणी पद्धत आहे ही. नवऱ्याचे नाव घेतले तर काय जीभ झडते? एका नावासाठी घर जाते आहे.

मंजुळा म्हणाली, "बाई, तुम्ही घेता का?"

मी म्हटले, माझा प्रश्न वेगळा आहे, मी शिकलेली आहे.

जनाबाईंचा निरोप नेहमीप्रमाणे मंजुळाने वाजवला. मी तोवर आत चहा टाकते. तो निरोप मी कधी नीट ऐकलेला नाही. माझ्या तापाच्या दिवसांत आलेला, त्यालाही नाव नाही. मंजुळा सांगते, कुणा मुलाने आईला केलेला आहे. तेव्हा तीन म्हाताऱ्या आपला म्हणून पुढे आल्या होत्या. दोघींनी सोडून दिला. जनाबाईंनी ठेवला. त्यांचा मुलगा शीळफाट्याला ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तो परत आला नाही, त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली. बेवारस निरोप कुणी घेतला तर बरेच, म्हणून मी ती कॅसेट पुसली नाही. केंद्राचा नियमच केला, की निरोप ज्याने घेतला त्याचा.

मधूचे पत्र नाही. दिवाळी पाडव्याला पुण्याहून आला होता तेव्हा नेहमीचे झाले: आई, इथे एकटी कशाला राहतेस, आजारी पडलीस तर कळतसुद्धा नाही. मी म्हटले, कळत नाही हे तुला कसे कळले? जाताना वारसाचे कागद म्हणून दोन ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या आणि यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत नेली. हिशेबी मुलगा आहे. माझा चष्मा तेव्हा स्वयंपाकघरात होता.


गुरुवार, १० नोव्हेंबर

साडेदहाला बेल वाजली. दामाजी. महाडकडचा, बोलायला कमी, गोणी उचलायला पक्का. धुतलेला शर्ट, केसांना पाणी. केंद्रातले कुणी दारातून आत येत नाही, खिडकी आहे. हा दारातून आला, चपला बाहेर नीट जोडून.

म्हणाला, अकराचा फोन माझा आहे.

मी विचारले, मग सोमवारी तोंड शिवले होते का?

"सगळ्यांसमोर?" म्हणाला.

मी सांगितले, फोन बंद आहे. त्याला वाटले मी रागाने म्हणते आहे. म्हणाला, बाई, एकदा उचलून तर बघा. मी उचलून त्याच्या कानाला लावला. त्याने बराच वेळ ऐकले, जणू आत कुणी थांबले असेल.

बसायला सांगितले, बसला नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आम्ही दोघे त्या फोनकडे बघत होतो. तिकडे तालुक्याच्या बूथमध्ये ती काचेमागे उभी असणार. तिला घंटा ऐकू येत असेल की नुसता एक लांबट आवाज, हे खात्यात असूनही मला सांगता आले नाही.

मी त्याला विचारले, खोली आहे असे खोटे कशाला सांगितलेस?

"खोलीचं मी बोललोच नाय," तो म्हणाला. "फोन आहे म्हणालो. खोलीचं तिनं धरलं."

फोन आहे म्हटल्यावर तो ठेवायला टेबल असणार, टेबलाला भिंत, भिंतीला छप्पर. मीसुद्धा तसेच धरले असते. हा नंबर मीच त्याला दिला होता.

त्याने बायकोचे नाव, भागीरथी, एका दमात सांगितले. पुरुषांना त्रास होत नाही. लगेच रिक्षा करून तारऑफिसात गेले, अर्जंट तार केली: येऊ नको, चावी देऊ नको. तिथल्या माणसाने गावाचे नाव पाहून मान हलवली. तार तालुक्यापर्यंत आज जाईल, पुढे पोस्टमन चालत जातो, त्याचा वार शनिवार. मी म्हटले, ती शनिवारी पहाटे निघते. तो म्हणाला, मग रस्त्यात भेटतील.

असल्या विनोदावर पूर्वी मी मेमो काढत असे.

दामाजी कामावर गेला नाही. संध्याकाळी खिडकीशीही आला नाही. मंजुळा सांगत होती, पालीपुढची जागा झाडतोय.


शुक्रवार, ११ नोव्हेंबर

साहेब भेटले. तरुण आहेत. मी उभ्या उभ्या सुरुवात केली, की माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने खोटा अर्ज केला आहे आणि मी पोलिसांत जाणार आहे. त्यांनी मला बसवले, पाणी मागवले, आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे चिरंजीव स्वतः आले होते. फार काळजी करतात तुमची. आई पुण्याला राहायला येतेय म्हणाले."

अर्जाखाली माझी सही होती. सही खोटी आहे असे म्हणायची मी तयारी करून गेले होते. पाणी प्यायले.

साहेब म्हणाले, ज्यांनी अर्ज दिला त्यांनी लेखी मागे घेतला तर लाइन जोडता येईल. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नंतर नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

जिन्यात भाऊ दिसले. मी त्यांना नमस्कार केला. ते घाबरले.

साडेपाचला त्यांनीच हाक मारली, मधूचा फोन आहे तुम्हाला, वर या. वहिनींना घेऊन भाऊ गच्चीवर गेले. एवढे मात्र मी त्यांच्या बाजूने लिहीन.

मी मधूला म्हटले, तू माझा फोन तोडलास.

तो म्हणाला, तुझा कुठे आहे तो? गावाचा झालाय. मग आवाज खाली आणून म्हणाला, की तुला ताप होता तेव्हा मी रोज फोन करत होतो. रोज तूच बोलायचीस आणि सांगायचीस, आधी नाव सांगा.

मी म्हटले, मग सांगायचे.

"आईला?" मधू म्हणाला.

भाऊंच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, मी ते वाचत राहिले. तो म्हणाला, एकदा मी बोललो पण. म्हटलं, आई, मी बोलतोय. तू उलटा फोन केला नाहीस. नंतर फोन लावला की कॅसेट भरलेली. कंटाळलो, आई.

मी त्याला सांगितले, की उद्या एक बाई पोरांना घेऊन खोपटला उतरते आहे आणि तिचे घर तुझ्यामुळे गेले. तो म्हणाला, कुठली बाई? मी फोन ठेवला.

सहा वाजले होते. खिडकी उघडली. जनाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे, गजांना धरून. आज मी मंजुळाला म्हटले, तू राहू दे, मी लावते. त्यांची कॅसेट घातली, बटण दाबले आणि आत गेले नाही.

'आई, मी बोलतोय. तू बरी आहेस ना? जेवलीस का? … फोन कर.'

"जेवले रे बाबा," जनाबाई मशीनला म्हणाल्या. रोज म्हणत असाव्यात, कारण बाजूचे कुणी हसले नाही.

मंजुळा माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, बाई, परत लावायचं? मी म्हटले, त्यांनी मागितले तर लाव. जनाबाई म्हणाल्या, नको, आता उद्या.

ते 'जेवलीस का' म्हणताना 'जे' लांबवणे लहानपणापासूनचे आहे. मी ते सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता.


शनिवार, १२ नोव्हेंबर

महाडची गाडी दुपारी आली. मी डेपोत गेले, कारण चूक केंद्राची होती आणि केंद्राच्या वतीने कुणीतरी असायला हवे. दामाजी फलाटाच्या खांबामागे उभा होता. त्याने पाल उतरवून ठेवली होती. का, विचारले, तर म्हणाला, तिला पहिल्यांदा ती दिसायला नको.

भागीरथी उतरली. लहानखुरी, ताठ. एक पत्र्याची ट्रंक, एक कोंबडी, दोन मुले. धाकटा झोपलेला. तिने आधी दामाजीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, प्रवास बरा झाला का? सामान एवढेच आहे का?

तिने ट्रंक खाली ठेवली. "तुम्हीच ना त्या?" म्हणाली. "आधी बोलणाऱ्या?"

तेव्हा मला ती निरोपातली बाई समजली.

माझे वय पाहून तिचा निम्मा राग उतरला असावा. उरलेला होता. म्हणाली, दोनदा विचारलं कोण तुम्ही, तर तुम्ही आपलं पाठ केल्यासारखं बोलत सुटलात. मी म्हटले, ते मशीन होते. ती म्हणाली, मशीनमध्ये पण तुम्हीच होतात ना?

चावी गुरुवारीच दिराला दिली होती. फोनवर कुणी काही बोलले नाही, म्हणजे 'या' असेच झाले. दिराने त्याच संध्याकाळी आत गुरे बांधली. हे सगळे तिने चालता चालता सांगितले, न रडता. मोठ्या मुलीने विचारले, बाबा, आपली खोली किती लांब आहे? दामाजी थांबला. भागीरथीही थांबली. तिने त्याच्याकडे आत्ता पाहिले, आणि मला वाटते तिला तिथेच सगळे कळले. कोंबडी या हातातून त्या हातात घेतली.

मी म्हटले, जवळच आहे.

माझ्या घरी दोन खोल्या आहेत. आतली मधूची. कॉट, टेबल, त्याचे क्रिकेटचे पॅड. मी दार उघडून दिले आणि सांगितले, की ही खोली केंद्राकडून दामाजींना देण्यात येत आहे. बदल्यात सकाळी मी बाहेर असेन तेव्हा येणारे फोन भागीरथीने घ्यायचे. फोन सध्या बंद आहे, म्हणून काम हलके आहे.

दामाजी मधूच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होता. हात लावून पाहत होता, भिंत पक्की आहे का.

चहाच्या वेळी मी भागीरथीशी नावाचा विषय काढला. म्हटले, तू निरोपात नाव घेतले असतेस, तर सोमवारीच मी याला कॉलर धरून आत आणला असता. तुझे घर राहिले असते. एक नाव.

ती ऐकत होती. तिची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर गेली. म्हणाली, "हे तुमचे मालक? नाव काय त्यांचं?"

मी म्हटले, दारावर पाटी आहे.

"मला वाचता येत नाय."

मी म्हटले, चहा गार होतो आहे. भागीरथी पदर तोंडाला लावून हसली. कशाला, ते मी विचारले नाही.


सोमवार, १४ नोव्हेंबर

भाऊंची नोटीस आली: सदनिकेत कोंबडी पाळण्यास मनाई आहे. कोंबडी एवढाच आक्षेप दिसतो. उत्तर उद्या देईन.

जनाबाईंना आज दुपारी मी विचारणार होते. म्हणजे, सांगणार होते. पालीपुढे बसून तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, बाई, माझा पोरगा सांगतो फोन कर, तर कुठं करायचा ते काय बोलत नाही. पण बरा आहे म्हणायचा, आवाज बरा आहे. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर तांदूळ निवडले आणि परत आले.

मधूला पत्र लिहिले. वरचा तपशील, म्हणजे ग्राहकाचे नाव, लिहिताना दोन कागद वाया गेले. नक्कल:

'चि. मधूस,

विषय: टेलिफोन बंद केल्याबाबत. ग्राहक: कै. श्रीपाद गजानन टिपणीस.

मंगळवार, ८ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू वरील टेलिफोन बंद करवलास. मी न वाचता सही केली, ती चूक माझी. बाकीची तुझी.

तुझ्या खोलीत सध्या दामाजी, त्यांची पत्नी भागीरथी व दोन मुले राहतात. दामाजींच्या पत्नीची समजूत होती की त्यांना ठाण्यात खोली आणि फोन आहे. खोलीचे मी पाहिले. फोनचे तू पाहा. त्यासाठी तू दिलेला अर्ज तुलाच मागे घ्यावा लागेल.

सप्टेंबरात तू केंद्रावर ठेवलेल्या निरोपाबद्दल. त्यात नाव नसल्यामुळे तो दुसऱ्या एका आईकडे गेला. त्या रोज ऐकतात आणि रोज उत्तर देतात. केंद्राच्या नियमाप्रमाणे तो आता त्यांचा आहे, परत मागता येणार नाही, आणि मी मागणार नाही. तेव्हा मला दुसरा पाठवावा. मी बरी आहे. जेवले.

मशीनवरची सूचना बदलत आहे. आता ती भागीरथी बोलेल. 'कोण आहे ते आवाजावरून कळलं तर कळेल, नाही तर नाव सांगा' असे तिने सुचवले आहे. वाक्य सैल आहे, पण ठेवते.

अर्ज मागे घेतल्याचे पत्र टेलिफोन ऑफिसात, आणि त्याची प्रत व वरील निरोप माझ्याकडे, शुक्रवार, १८ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी पोचले पाहिजे. येऊन हातात दिलेस तरी चालेल. उत्तर लेखी हवे. फोन करू नये. तो का लागणार नाही हे तुला ठाऊक आहे. खाली सही पुरी करावी. नुसते 'मी' लिहू नये.

— तुझी आई, कुमुद श्रीपाद टिपणीस'